श्रीलंका: समुद्र, जंगल आणि डोंगर नऊ रात्रींत कसे बसवावेत?

कऱ्हाकाठ (प्रश्न)

नमस्कार. आम्ही चौघे, म्हणजे मी, माझे यजमान, 11 वर्षांची मुलगी आणि 69 वर्षांच्या सासूबाई, येत्या दिवाळीच्या सुट्टीत श्रीलंकेला जाण्याचे योजत आहोत. हाताशी नऊ रात्री आहेत. अंदमान पाहून झाले आहे आणि केरळही. एकाच सहलीत समुद्रकिनारा, वन्यप्राणी आणि थंड हवेचे डोंगर असे तिन्ही मिळावे आणि सासूबाईंना विमानात फार वेळ बसावे लागू नये, या दोन्ही अटींत मुंबईहून अडीच तासांवर असलेली श्रीलंका बसते, म्हणून तिच्यावर एकमत झाले.

एकमत झाले ते तेवढ्यापुरतेच. मुलीला निळा देवमासा आणि बिबट्या पाहायचा आहे. यजमानांना चहाच्या मळ्यांतून जाणारी आगगाडी हवी आहे. सासूबाईंना नुवारा एलियाजवळचे सीतामाईचे देऊळ पाहायचे आहे. त्यांचे गुडघे दुखरे आहेत, पंचवीस-तीस पायऱ्या त्या कठड्याला धरून सावकाश चढतात, त्यापुढे नाही. मला स्वतःला दोन दिवस समुद्रासमोर काहीही न करता बसायचे आहे, पण हे घरात अजून बोलले नाही.

एका प्रवास कंपनीने आम्हाला जी आखणी दिली आहे ती अशी: नेगोंबो, सिगिरिया, त्रिंकोमाली, कँडी, नुवारा एलिया, एल्ला, याला (हे बिबट्यांचे राष्ट्रीय उद्यान), मिरिस्सा आणि कोलंबो, प्रत्येक ठिकाणी एक रात्र. कागदावर हे भरगच्च आणि पैसे वसूल वाटते, पण नऊ रात्रींत नऊ हॉटेले म्हणजे रोज सकाळी बॅगा भरणे आले, आणि त्याची मला आतापासूनच धास्ती वाटते आहे. यातले काय गाळावे? जंगल एक पुरे की दोन हवीत? दिवाळीत तिथे पाऊस असतो असे एका मैत्रिणीने सांगितले, तर कंपनीच्या माणसाने "पाऊस तिथे बारा महिने असतो, त्याचा विचार करू नका" असे उत्तर दिले. यात खरे काय?

गलबत

नोकरीच्या निमित्ताने मी तीन वर्षे कोलंबोत होतो आणि त्या काळात नातेवाइकांच्या इतक्या सहली आखल्या की बायको मला घरचा गाइड म्हणू लागली. तुमच्या प्रश्नाचे उत्तर मी उलट्या टोकाने देतो. काय गाळावे हे नंतर पाहू. आधी तारीख बदलता येते का ते पाहा, कारण या बेटावर तारीख ठरली की अर्धी ठिकाणे आपोआप गळतात.

श्रीलंकेत पावसाळे दोन आहेत. मे ते सप्टेंबर या काळात नैऋत्येचा वारा कोलंबो, गॉल, मिरिस्सा हा किनारा आणि मधल्या डोंगरांचा पश्चिम उतार भिजवतो, तर डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा वारा त्रिंकोमालीपासून अरुगम बेपर्यंतच्या पूर्व किनाऱ्यावर पाऊस आणतो. दोन्ही वाऱ्यांना अडवणारा डोंगर एकच, बेटाच्या पोटातला. पावसाळ्यात महाबळेश्वरहून वाईकडे उतरताना तासाभरात पाऊस कसा मागे राहतो हे ज्याने पाहिले आहे त्याला पर्जन्यछाया निराळी समजवावी लागत नाही. फरक इतकाच की श्रीलंकेत सहा महिन्यांनी वारा उलटतो आणि डोंगराची कोरडी बाजू बदलते. चहावालेही याच हिशेबाने चालतात. डोंगराच्या पश्चिम अंगाच्या दिंबुला भागातला उत्तम चहा जानेवारी ते मार्चमधला मानतात आणि पूर्व अंगाच्या उवा भागातला जुलै ते सप्टेंबरमधला, कारण त्या त्या महिन्यांत तिकडे कोरडा वारा वाहत असतो.

आपली दिवाळी पडते ती नेमकी या दोन पावसाळ्यांच्या सांध्यावर. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बहुतेक दुपारी गडगडाटासह पाऊस येतो, तो कोणत्याही बाजूला येतो, आणि बंगालच्या उपसागरातली वादळे याच सुमाराची. नोव्हेंबर 2025 च्या अखेरीस आलेल्या दितवाह चक्रीवादळाने मधल्या डोंगराळ भागात दरडी कोसळून किती माणसे गेली हे आपण सर्वांनी वाचले आहे. प्रत्येक दिवाळीत असे होते असे मुळीच नाही. परंतु मोकळीक असेल तर मी हे दोन महिने टाळीन. कंपनीच्या माणसाचे म्हणणे अर्धे खरे आहे. पाऊस बारा महिने असतो, पण तो सगळीकडे नसतो, आणि कुठे नसतो हे ठाऊक असणे हेच तर आखणी करणाऱ्याचे काम.

म्हणूनच एकाच सहलीत त्रिंकोमाली आणि मिरिस्सा ही जोडी मला खटकते. मार्च-एप्रिलमधले काही आठवडे सोडले, तर दोन्ही किनारे एकाच वेळी चांगले मिळत नाहीत. मी स्वतः पहिल्याच वर्षी डिसेंबरात पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना हौसेने त्रिंकोमालीजवळच्या निलावेलीला नेले होते. दोन दिवस हॉटेलच्या व्हरांड्यात बसून आम्ही पत्ते कुटले. समोर लाल बावटा, मातकट पाणी आणि वाळूवर वाहून आलेल्या झावळ्या. त्याच दोन दिवशी मिरिस्साला लख्ख ऊन होते, हे सहकाऱ्याने फोनवर सांगितले तेव्हा मेहुण्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती अजून आठवते.

दुसरी गोष्ट अंतरांची. बेट 65,610 चौरस किलोमीटरचे, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण एक पंचमांश, त्यामुळे नकाशावर सगळे हाताच्या अंतरावर दिसते. प्रत्यक्षात कटुनायके विमानतळाहून कँडी शंभर-सव्वाशे किलोमीटरही नाही, पण तीन ते साडेतीन तास लागतात, आणि कँडीहून नुवारा एलियाचे पंच्याहत्तर-ऐंशी किलोमीटर आणखी तीन तास खातात. घाटात ताशी तीस किलोमीटर धरून चाला. दक्षिणेचा द्रुतगती महामार्ग मात्र याला अपवाद आहे. तो परतीच्या दिवशी कामाला येतो.

मुलीची शाळा चार-पाच दिवस बुडवता येत असेल, तर 26 जानेवारीला जोडून जा. तेव्हा दक्षिण किनारा शांत असतो, डोंगराचा पश्चिम उतार कोरडा असतो आणि देवमाशांचा हंगाम ऐन भरात असतो. नाताळ-नववर्षाचा आठवडा हवामानाला बरा असला तरी गर्दी आणि भाव यांमुळे मी तो दुसऱ्या क्रमांकावर ठेवीन.

पाणवठा

गलबत यांच्या तारखेच्या मुद्द्याशी सहमत आहे, पण मे महिना त्यांनी एका वाक्यात पावसाळ्यात टाकला हे पटले नाही. नैऋत्य मोसमी पाऊस श्रीलंकेत साधारण मेच्या शेवटच्या आठवड्यात स्थिरावतो. मेच्या पहिल्या पंधरवड्यात शाळा न बुडवता जाता येते. फक्त तेव्हा तोंड पूर्वेकडे करायचे, म्हणजे कँडी, नुवारा एलिया, एल्ला करून तीन-साडेतीन तासांत अरुगम बेला उतरायचे. तिथून जवळ कुमना राष्ट्रीय उद्यान आहे, ज्याचे पूर्वीचे नाव ‘याला पूर्व’ होते. एप्रिल ते जुलैत तिथल्या पाणथळीत बगळे, करकोचे, चमचे यांच्या विणीच्या वसाहती भरतात आणि जीपगाड्यांची झुंबड नसते. मे महिन्यात वेसाक, म्हणजे आपली बुद्धपौर्णिमाही येते. गावोगाव कागदी आकाशकंदील लागतात आणि रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवू घालतात. आपल्याकडची दिवाळी हुकली असे मुलीला वाटणार नाही. अर्थात निळा देवमासा हीच मुलीची पहिली मागणी असेल, तर मे उपयोगाचा नाही. मिरिस्साचा हंगाम एप्रिलबरोबर संपतो.

आता जंगलाबद्दल. मी नागपूरचा, ताडोबात वाढलेला, त्यामुळे बिबट्या म्हणजे वाघाला टाळून रात्री फिरणारा प्राणी अशीच माझी समजूत होती. श्रीलंकेत वाघ नाही, सिंह नाही; जंगलातला सर्वांत मोठा शिकारी बिबट्याच आहे. सिंहलीत त्याला कोटिया म्हणतात आणि या उपजातीच्या शास्त्रीय नावातही तोच शब्द आहे. वरचढ कोणी नसल्यामुळे तो दिवसाढवळ्या उघड्यावर बसतो. याला उद्यानाच्या ब्लॉक एकमध्ये मी त्याला सकाळी सव्वासातला एका गोल खडकावर पाय सोडून पसरलेला पाहिला. शेपटीचे टोक तेवढे मधूनमधून हलत होते.

पण पूर्ण चित्र सांगायचे तर, त्या खडकासमोर तेव्हा बावीस जीपगाड्या होत्या, मी मोजल्या. चालकांचे फोन वाजतात, एकाला प्राणी दिसला की सगळे तिकडे धावतात, आणि आमच्या चालकाने तर पुढे घुसण्यासाठी गाडी अशी झाडीत घातली की शेजारच्या आजोबांचा चष्मा पडला. लहान मुलगी आणि वयस्कर बाई बरोबर असताना मी यालाऐवजी उडावलवे निवडीन. वळवे नदीवर धरण बांधले, त्यामुळे विस्थापित होणाऱ्या प्राण्यांसाठी 1972 साली हे उद्यान झाले. मोकळे गवत, विरळ झुडपे आणि मधोमध जलाशय. त्यामुळे हत्ती शोधावा लागत नाही, वर्षभर कळपच्या कळप दिसतात. दुपारची तीन तासांची फेरी पुरते. आपल्या हत्तींच्या मानाने एक वेगळेपण मुलीला आधी सांगून ठेवा: श्रीलंकेतल्या नरांपैकी फारच थोड्यांना मोठे सुळे असतात, त्यामुळे सुळे नाहीत म्हणजे मादी असा हिशेब तिथे चालत नाही. उद्यानाशेजारीच अनाथ पिल्लांचे संगोपन केंद्र आहे, 1995 पासूनचे. ठरावीक वेळी पिल्लांना दूध पाजतात, आपण लांबून, कठड्यामागून पाहायचे, हात लावायचा नाही. पिल्ले मोठी झाली की जंगलात सोडतात. हत्तीला आंघोळ घाला, पाठीवर बसा, असे सांगणाऱ्या जागा वाटेत बऱ्याच लागतील. त्या मी टाळतो.

बिबट्याचा हट्टच असेल, तर यालाजवळच्या तिस्समहाराम गावी एक रात्र घाला आणि पहाटेची एकच फेरी करा. नऊ रात्रींत दोन जंगले जास्त होतात असे माझे मत आहे.

शेवंती

मी दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत माझ्या 72 वर्षांच्या वडिलांना घेऊन गेले होते, म्हणून सासूबाईंच्या बाजूने चार गोष्टी लिहिते.

सिगिरियाचा खडक पाचव्या शतकातला, कश्यप राजाचा, आणि पाहण्यासारखा आहे यात वाद नाही. पण वर जायला सुमारे 1,200 पायऱ्या आहेत. चौघांपैकी एकीला खाली उन्हात बसवून तिघांनी वर जायचे, आणि त्यासाठी वाकडी वाट करून एक रात्र खर्चायची, हे मला तरी जमले नसते. आम्ही सिगिरिया सोडले आणि ती रात्र कँडीला दिली. कँडीजवळचे पेरादेनियाचे वनस्पती उद्यान सपाट आहे, बाके जागोजाग आहेत आणि तिथे एकच वडाच्या जातीचे झाड एवढे पसरले आहे की बाबा त्याच्या सावलीतून हलायला तयार नव्हते. बुद्धाचा दात जपलेल्या कँडीच्या दंतमंदिरात गुडघे आणि खांदे झाकणारे कपडे लागतात. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणे तिथे अपमानाचे समजतात, हे मुलीला आधीच सांगा. आमच्या भाच्याला एका आजीबाईंनी चांगलेच सुनावले होते.

सीतामाईचे देऊळ नुवारा एलियाहून हकगलाच्या उद्यानाकडे जाणाऱ्या रस्त्यालाच लागून आहे. गाडी जवळ थांबते, देवळाच्या पाठीशी ओढा आहे आणि खडकातले खळगे मारुतीच्या पावलांचे म्हणून दाखवतात. पूजा तमिळ पद्धतीची असते. त्याच दिवशी हकगलाही होते. यजमानांना मात्र त्या दिवशी पहाटे होर्टन प्लेन्सला एकटे पाठवा: फाटक सहाला उघडते, साधारण नऊ किलोमीटरची पायी फेरी आहे, आणि वर्ल्ड्स एंडच्या कड्यापाशी नऊच्या आत पोहोचले तर खाली आठ-नऊशे मीटरची दरी दिसते, नंतर ढग येऊन पांढरी भिंत दिसते. फाटकावर पिशव्या तपासून प्लास्टिकची वेष्टने काढून घेतात, बाटल्यांवरची लेबलेसुद्धा. बिस्किटे डब्यात न्यावीत.

थंडीचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. नुवारा एलिया 1,868 मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही दोनशे मीटर उंच. जानेवारी-फेब्रुवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो. श्रीलंका म्हणून आम्ही सगळे सुती कपडे घेऊन गेलो आणि बाबांसाठी तिथल्या बाजारातून कानटोपी घ्यावी लागली.

आगगाडी पूर्ण कँडीपासून करू नका, सहा-सात तास होतात आणि गाडी उशिरानेच धावते. नुवारा एलियाचे स्थानक नानुओया, तिथून एल्लापर्यंतचा अडीच-तीन तासांचा टप्पा सर्वांत देखणा आहे आणि वयस्करांना झेपतो. वाटेत पट्टिपोला हे 1,891 मीटरवरचे स्थानक येते. त्यानंतरच्या बोगद्यात शिरताना आमच्याकडे ऊन होते, बाहेर पडलो ते धुक्यात आणि बारीक पावसात. गलबत यांनी डोंगराच्या दोन बाजू सांगितल्या त्या तिथे डोळ्यांनी दिसतात. पुढे इदलगशिन्नापाशी गाडी अशा धारेवरून जाते की दोन्ही खिडक्यांतून दरी आहे. वातानुकूलित पहिल्या वर्गाच्या खिडक्या बंद असतात, म्हणून आरक्षित दुसरा वर्ग घ्यावा. दाराच्या पायरीवर लटकून फोटो काढणारी मुले दिसतील. आपल्या मुलीचा हात सोडू नका.

खाण्याचे हाल होत नाहीत. आपले आप्पे वेगळे. तिथले आप्पे म्हणजे वाटीसारखी, कडेला कुरकुरीत आंबोळी, आणि इंडीआप्पे म्हणजे तांदळाच्या शेवया. परिप्पू हे नारळाच्या दुधातले मसुरीचे वरण रोज मिळते. सासूबाई शाकाहारी असतील, तर पोल संबोल ही नारळाची चटणी विचारूनच घ्यावी, तिच्यात सुकवलेल्या माशाचा चुरा असतो. मासे खाणाऱ्यांनी अंबुल तियल अवश्य मागवावे; त्यात आपल्या आमसुलाच्या सख्ख्या भावंडाची, गोरक्याची आंबट पूड असते, आणि मालवणची आठवण येते.

कऱ्हाकाठ

इतकी सविस्तर उत्तरे मिळतील असे वाटले नव्हते. सर्वांचे मनापासून आभार. पाणवठा यांचा मेचा पर्याय घरात वाचून दाखवला. यजमानांना शाळा न बुडण्याचा मुद्दा पटला, पण मुलीने "देवमासा नसेल तर मी आजीबरोबर घरी राहते" असे सांगितले, आणि आजी तर निघालेल्या. वर्गशिक्षिकांना विचारून जानेवारीअखेरचे पाच दिवस मागून घेतले आहेत. दिवाळी घरीच.

नवी आखणी अशी केली आहे. विमान रात्री उतरते, म्हणून पहिली रात्र विमानतळाजवळ नेगोंबोला. मग कँडी एक रात्र आणि नुवारा एलिया दोन. नानुओया ते एल्ला आगगाडीने, एल्लाला एक रात्र. तिथून उडावलवे एक रात्र आणि उरलेल्या तीन रात्री मिरिस्साच्या आसपास एकाच हॉटेलात. सिगिरिया, त्रिंकोमाली, कोलंबो आणि याला गाळले. बिबट्याबद्दल मुलीशी तह झाला आहे: देवमासा श्रीलंकेत, बिबट्या पुढच्या वर्षी ताडोबात.

दोन शंका उरल्या. देवमाशाच्या बोटीत सासूबाईंना न्यावे का? आणि दितवाहनंतर डोंगरातल्या रेल्वेवर कितपत विसंबावे?

पाणवठा

बोटीचे उत्तर सोपे आहे: सासूबाईंना नेऊ नका, आणि तुम्हालाही समुद्रासमोर नुसते बसायचे आहेच, तेव्हा त्यांच्या सोबतीला थांबा. बोट पहाटे साडेसहाच्या सुमारास निघते, तीन ते पाच तास समुद्रात असते आणि जानेवारीतही निम्मी बोट ओकत असते. मुलीला आणि यजमानांना उलटीची गोळी निघण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास द्या, न्याहारी हलकी द्या.

या भागात निळा देवमासा किनाऱ्यापासून इतका जवळ दिसतो, याचे कारण म्हणजे दोंद्रा भूशिरापाशी समुद्रातली उथळ पायरी फार अरुंद आहे आणि खोल पाणी लगेच सुरू होते. दुर्दैवाने जगातला एक गजबजलेला जहाजमार्गही तिथूनच जातो, त्यामुळे क्षितिजावर मालवाहू जहाजांची रांग आणि तिच्या अलीकडे देवमाशाचा फवारा असे दृश्य दिसते. जहाजांच्या धडकेने देवमासे मरतात, ही तिथली खरी चिंता आहे. बोट ठरवताना ती प्राण्याच्या किती जवळ जाते हे विचारा. जो चालक "अगदी शेजारी नेतो" म्हणेल तो सोडून दुसरा शोधा. मुलीला हेही सांगा की पाठीचा लांबलचक निळसर-राखी भाग, मग छोटा पृष्ठपर आणि नशीब असेल तर शेपटी, एवढेच दिसते. संपूर्ण प्राणी चित्रातच दिसतो.

गलबत

आखणी उत्तम झाली आहे; दोनच किरकोळ दुरुस्त्या सुचवतो. एल्लाहून उडावलवेला जाताना तुम्ही हजार मीटर खाली उतरता आणि तासाभरात स्वेटरवरून घामावर येता, तेव्हा हलके कपडे वरच्या बॅगेत ठेवा. उडावलवेहून किनाऱ्याकडे जाताना रस्त्याच्या कडेला मडक्यांच्या उतरंडी मांडलेल्या दिसतील. ते म्हशीचे दही. मडके उलटे केले तरी पडत नाही इतके घट्ट असते, आणि त्यावर किथुलची काकवी ओततात. किथुल म्हणजे आपल्या कोकणातला भेरली माड. एक मडके चौघांना पुरून उरते. मडके परत द्यायचे नसते, पण विमानात फुटते, हे अनुभवाने सांगतो.

मिरिस्साचा मुख्य किनारा रात्री गाण्यांनी दणाणतो. तुम्हाला शांत बसायचे असेल, तर वेलिगामाच्या बाजूला किंवा पूर्वेकडे तंगल्लेला हॉटेल पाहा. तंगल्लेला लाटा जोरदार असतात, पोहायला तो किनारा नाही, बघायला आहे. देवमाशाच्या बोटीसाठी तंगल्लेहून पहाटे तासभर आधी निघावे लागेल, त्यामुळे मी वेलिगामा म्हणेन. परतीच्या दिवशी सकाळी दोन तास गॉलच्या डच किल्ल्याला द्या. तटावरून सासूबाई सपाटीने चालू शकतील, आणि तिथून द्रुतगती महामार्गाने विमानतळ अडीच-तीन तासांवर आहे.

रेल्वेबद्दल: दितवाहमध्ये त्या मार्गाचे बरेच नुकसान झाले होते, तेव्हा जाण्याच्या महिनाभर आधी नानुओया ते एल्ला हा टप्पा चालू आहे का, याची तिथल्या रेल्वेकडूनच खात्री करून घ्या. गाडी नसली, तरी नानुओयाहून एल्ला रस्त्याने दोन-अडीच तासांत होते, त्यामुळे सहल अडत नाही. तसे झाले तर एल्लाहून देमोदराकडे जरूर जा. 1921 साली पुरा झालेला नऊ कमानींचा दगड-विटांचा पूल गाडी नसतानाही पाहता येतो, आणि देमोदरा स्थानकापाशी रूळ वळसा घेऊन त्याच स्थानकाच्या खालून बोगद्यातून जातो. यजमानांचे तिकीट तेवढ्यानेही वसूल होईल.

व्हिसाचे नियम गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले आहेत, म्हणून तिकीट काढण्याच्या आठवड्यात त्यांच्या सरकारी संकेतस्थळावरच पाहा. प्रवेशशुल्क भरताना चौघांचे पासपोर्ट जवळ ठेवा, कारण काही ठिकाणी सार्क देशांच्या नागरिकांना सवलतीचा दर लागतो आणि खिडकीवरचा माणूस तो आपणहून सांगेलच असे नाही. जानेवारीतली पौर्णिमा तुमच्या तारखांत येते का तेही कॅलेंडरात पाहून ठेवा. पोयाच्या, म्हणजे पौर्णिमेच्या, दिवशी सार्वजनिक सुट्टी असते, देवळांत गर्दी लोटते आणि दारूविक्री बंद असते. तुम्हाला शेवटच्या गोष्टीने फरक पडत नसेल, पण कँडीच्या गर्दीने पडेल.

रेल्वेचे आरक्षण तीस दिवस आधी उघडते आणि नानुओया-एल्लाच्या जागा पहिल्या काही तासांत जातात. तुमच्या तारखा धरल्या, तर खिडकी नाताळच्या आठवड्यात उघडेल, जेव्हा घरी पाहुणे असतात आणि हे नेमके विसरले जाते. यजमानांच्या फोनवर आजच गजर लावून ठेवा.